ढोळलं नव्हे, सांडलं

दिनकरराव मोन्यांचा छापील अक्षरावर जेवढा विश्वास होता, तेवढा त्यांनी सख्ख्या भावावरही कधी टाकला नसेल. घरात नवा कुकर आला की आधी त्याची माहितीपुस्तिका वाचायची, डाळ-तांदूळ मग. औषधाच्या खोक्यातला तो घड्या घातलेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा कागद भिंग घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा बडोद्यात तरी हा एकच माणूस असावा. गुजरात वेगळा झाल्यावर काही वर्षांनी, शहराबाहेर कारखान्यांची धुरांडी भराभर उभी राहत होती, तेव्हा ते वाईहून नोकरीसाठी आले आणि एका मोठ्या कारखान्यात उपकरणांचे इंजिनिअर म्हणून त्यांनी सगळी हयात काढली. दाब किती, उष्णता किती, हे सांगणारे काटे खरं बोलतात की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. एखादा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हा व्हॉल्व्ह अर्धा फेरा जास्त फिरवला की बरं चालतं," की साहेब चष्मा कपाळावर चढवून विचारत, "मॅन्युअलात लिहिलंय?" ते लिहिलेलं नसायचंच. मग तो अर्धा फेरा साहेब समोर असेपर्यंत मागे यायचा आणि साहेबांची पाठ वळली की पुन्हा पुढे जायचा. लोक त्यांना मागून 'छापील मोने' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं त्यांना काही दिसलं नव्हतं.

सरोजिनीबाई मात्र बडोद्याच्याच. वडील गायकवाडी दफ्तरात होते. मांडवीमागच्या गल्लीत घर, आणि गल्लीत मराठी बिऱ्हाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे बाईंची मराठी म्हणजे बडोद्याची मराठी. फोडणीला त्या वघार म्हणत, भाजीला शाक म्हणत, बटाट्याला बटाका. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं आणि त्या ओरडल्या, "अहो, दूध ढोळलं!" नवरा धावत आला, आणि आधी त्याने तर्जनी वर केली.

"ढोळलं नव्हे, सांडलं."

मग फडकं आणून त्याने स्वतः ओटा पुसला, हेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. पण त्याचं हे 'नव्हे' जे सुरू झालं ते थांबलंच नाही. वघार नव्हे, फोडणी. बटाका नव्हे, बटाटा. चोपडी नव्हे, पुस्तक. स्वतः मोन्यांची गुजराती इतक्या वर्षांत 'केटला?' आणि 'बस' यांच्या पुढे सरकली नाही. कारखान्यात हिंदी-इंग्रजीवर भागत होतं. बाहेर काय वाट्टेल ते बोला, घरात भाषा शुद्ध राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वासण्याला सोसायटीत घर बांधल्यावर तर शेजारची हंसाबेन आणि सरोजिनीबाई यांची मागच्या ओट्यावर जी मैफल जमायची, तिच्यापासून ते वर्तमानपत्र उभं धरून लांबच राहत. अखंड गुजराती, मध्येच खिदळणं, पुन्हा गुजराती. या बायकांना एवढं बोलायला सापडतं तरी काय, असं त्यांना वाटे. विचारलं मात्र कधी नाही.

त्यांना निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता सरोजिनीबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. दिनकरराव स्वयंपाकघरात गेले तर बाई ओट्याला टेकून उभ्या, उजवा हात लोंबतोय, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, आणि त्यातून जे येत होतं त्याला कुठल्याच भाषेत शब्द म्हणता आलं नसतं. हंसाबेनचा मुलगा गाडी घेऊन धावला. फतेगंजच्या एका इस्पितळात नेलं. जीव वाचला, पाय हळूहळू सावरला, हात जेमतेम हलायला लागला. बोलणं तेवढं गेलं ते गेलं.

दिनकररावांना चैन पडेना. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांच्या येरझारा इतक्या झाल्या की झाडूवाली त्यांना बघून बादली बाजूला घ्यायला लागली. बसले तर पाय हलतोय, उभे राहिले तर किल्ल्यांचा जुडगा वाजतोय. नाकासमोर चालणाऱ्या या माणसाला आता नाकासमोर रस्ताच दिसत नव्हता. तिने एकदा 'अहो' म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. देवाकडे मागावं असं वाटे, पण सवय नव्हती.

आणि एका दुपारी, ते असेच खाटेच्या पायथ्याशी फेऱ्या मारत असताना, मागून आवाज आला. जरा जड, पण स्पष्ट.

"केटला आंटा मारशो? बेसो ने हवे."

किती फेऱ्या माराल? बसा ना आता. दिनकरराव जागच्या जागी थिजले. नर्सने टाळी वाजवली. "काका, बोली गया काकी!" शेजारच्या खाटेवरच्या बाईने हात जोडले. दिनकरराव खुर्चीत बसले, कारण बस म्हणून सांगितलं होतं एवढं त्यांना समजलं होतं. मग वाकून, हळू, लहान मुलाशी बोलावं तसं ते म्हणाले, "सरू, मराठीत बोल. मराठीत बोल ना." तिने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ हलवले. कपाळावर आठ्या पडल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द काही आला नाही. थोड्या वेळाने तिने नर्सकडे बघून म्हटलं, "पाणी आपो ने."

इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या शालिनीताई होत्या. त्याही बडोद्याच्या मराठी, तिशीतल्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी समजावून सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की असं होतं. ज्याला दोन-तीन भाषा येतात त्याची एखादी आधी परत येते, एखादी मागून, एखादी येतही नाही.

"पण कुठली आधी येणार याचा काही नियम असेल ना?" दिनकररावांनी विचारलं. "कुठे काही छापून आलं असेल."

शालिनीताई हसल्या, आणि तिथेच त्यांची चूक झाली. "छापून काय, पुष्कळ आलंय," त्या म्हणाल्या. झालं. दुसऱ्या दिवसापासून मोने वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात. एका ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्सचा गठ्ठा बगलेत मारून आले. भिंग, लाल पेन्सिल, पट्टी. कितीतरी दिवसांनी त्यांचे पाय एका जागी ठरले.

त्या गठ्ठ्यातून त्यांनी जे काढलं त्याचा सारांश असा. एक म्हणतो, माणूस जी भाषा आयुष्यात सर्वांत आधी शिकला ती आधी परत येते. दुसरा म्हणतो, आजारापूर्वी जिचा वापर सर्वांत जास्त होता ती आधी येते. दोघांचे अनुयायी एकमेकांशी भांडत होते, पण दिनकररावांना त्या भांडणाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी समासात दोन ओळी केल्या. आधी शिकलेली भाषा: मराठी. जास्त वापरातली भाषा: मराठी. दोन्ही नियमांनी उत्तर एकच येत होतं. मग ही गुजराती कुठून कानामागून आली आणि तिखट झाली?

तिसऱ्या एका लेखात त्यांना हवं ते मिळालं. रोग्याच्या कानावर अनेक भाषा पडू देऊ नयेत, सरावासाठी एकच भाषा निवडावी, घरच्यांनी ती नेटाने चालवावी. दिनकररावांनी त्याखाली लाल रेघ ओढली, ती इतकी जोरात की कागद फाटला.

शालिनीताईंनी तो कागद वाचला आणि परत दिला. "काका, हे लिहिणाऱ्याने पाच-सात माणसं तपासली होती, तीही युरोपातली. शिवाय याच्या उलट सांगणारेही लेख आहेत, ते तुम्ही आणले नाहीत. व्यक्ती तितक्या प्रकृती. काकींना सध्या ज्या भाषेत बोलता येतंय त्या भाषेत बोलू द्या."

"म्हणजे छापलंय ते खोटं?"

"खोटं नाही हो. पण तुमच्या घरी येऊन लिहिलेलं नाही ना ते."

दिनकररावांना हे बोलणं फार उथळ वाटलं. अर्धा फेरा जास्त फिरवणाऱ्या ऑपरेटरची त्यांना आठवण झाली.

सरोजिनीबाई घरी आल्या. हंसाबेन पहिल्याच दिवशी वाटीत कढी आणि ताटलीत खिचडी घेऊन आली, खाटेवर बसली, आणि दोघींचं सुरू झालं. हंसाबेन दहा वाक्यं बोलली तर सरोजिनीबाई एक, तेही तुटक. पण ते एक येत होतं. हसूही येत होतं, वाकड्या तोंडाने. दिनकरराव दारात उभे राहून ऐकत होते आणि त्यांच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. जणू आपल्या डोळ्यांदेखत घरातलं काहीतरी कुणी उचलून नेतंय आणि वर आपण त्यालाच चहा विचारतोय. हंसाबेन निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत गेले आणि आपल्या कारखानी हिंदीत म्हणाले, "बहनजी, बुरा मत मानिए. किताब में लिखा है, अभी सिर्फ मराठी सुनानी है. थोडे दिन आप मत आइए." हंसाबेनने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा खिडकीकडे पाहिलं. "भले," बरं, एवढंच म्हणाली. वाटी न्यायलाही नंतर ती आली नाही.

मग मोन्यांच्या घरात शाळा भरली. सकाळी चित्रांचे पुठ्ठे. दिनकररावांनी ते स्वतः कापले, चिकटवले, मागे ठसठशीत मराठी अक्षरात नावं लिहिली.

"हे काय आहे?"

"बिलाडी."

"बिलाडी नव्हे, मांजर. म्हण, मां-जर."

बाई ओठ जुळवत. मान हलवत. मांजर काही बाहेर येत नसे.

"हे?"

"चावी."

"चावी नव्हे, किल्ली. कि-ल्ली. जमलं का?"

या 'जमलं का?'ने तर कहरच केला. दिनकरराव उत्साहाने विचारत, "जमलं का?" आणि सरोजिनीबाई थोडा विचार करून उत्तर देत, "ना, भूख नथी." दुपारी पुन्हा, "जमलं का?" तर "हमणां ज तो खाधुं." भूक नाही, आत्ताच तर खाल्लं. विचारतोय काय, सांगतेय काय! दिनकररावांनी लेख पुन्हा चाळले. बोलता न येणं वेगळं आणि बोललेलं न कळणं वेगळं, हे त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट, हेही लिहिलं होतं. म्हणजे आता समजही चालली. त्यांनी आणखी जोर लावला. दिवसातून एकदा होणारी शाळा तीनदा व्हायला लागली.

आणि एके दिवशी सरोजिनीबाईंनी उत्तर देणंच बंद केलं. पुठ्ठा समोर धरला की त्या खिडकीबाहेर बघत. बिलाडीही गेली, चावीही गेली. पाणी हवं असेल तर डाव्या हाताने पेल्याकडे बोट. घर इतकं गप्प झालं की बाहेर फेरीवाल्याची हाक आली तरी दिनकरराव दचकत. त्यांच्या येरझारा पुन्हा सुरू झाल्या, दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मागचं दार. "बेसो ने" म्हणणारं आता कुणी नव्हतं. कधी कधी ते मुद्दाम तिच्या खाटेसमोरून फेऱ्या घालत. तिने रागावून का होईना, बस म्हणावं. ती डोळे मिटून घेई.

शेवटी त्यांनी पुण्याला पद्माला, मुलीला, फोन लावला. "आम्ही तुझ्याकडेच येतो. कायमचे. इथे चारी बाजूंनी गुजराती. तिथे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं मराठी मिळेल. शास्त्रीयदृष्ट्या तेच योग्य आहे." पद्मा म्हणाली, मी न्यायला येते. घराला गिऱ्हाईक बघायचं, सामानाचं काय करायचं, हे सगळं दिनकररावांनी फोनवरच सांगून टाकलं. सरोजिनीबाई पलीकडच्या खोलीत होत्या. फोन ठेवून ते आत गेले तेव्हा त्या खाटेवर बसून रडत होत्या.

"मारे क्यांय नथी जवुं," त्या म्हणाल्या. मला कुठ्ठेही जायचं नाही. किती दिवसांनी वाक्य आलं, आणि आलं ते हे.

पद्मा आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, तिच्याशी गुजरातीतच बोलली, कारण बडोद्यात वाढलेली मुलगी. बापाच्या कपाळावरच्या आठीकडे तिने पाहिलं नाही. आई तिच्याशी दोन-तीन शब्द बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावांनी आपली पद्धत मुलीला दाखवावी म्हणून पुठ्ठे काढले. पेल्याचं चित्र. सरोजिनीबाई मुलीसाठी म्हणून असेल, प्रयत्न करायला लागल्या. "पे... पे..."

"शाबास! जमलं का?"

सरोजिनीबाई थांबल्या. वैतागून मुलीकडे वळल्या. "आखो दिवस जम्या? जम्या? पूछे छे. केटलुं खाऊं?"

पद्मा इतकी हसायला लागली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "बाबा! अहो, ती बरोबर उत्तर देतेय! तुम्ही म्हणताय जमलं का, आणि तिला ऐकू येतंय 'जम्या?' जेवलात का? तुम्ही दिवसभर तिला जेवलीस का, जेवलीस का विचारताय, आणि ती बिचारी सांगतेय, भूक नाही!"

दिनकररावांच्या हातातला पुठ्ठा खाली आला. म्हणजे समज गेलेली नव्हती. समज शाबूत होती, इतके दिवस शाबूत होती, आणि आपण... त्यांना हायसं वाटलं, आणि त्या हायशाच्या मागोमाग संताप आला. आपला संताप माणूस नेहमी दुसऱ्या कुणावर तरी काढतो. त्यांनी तो शास्त्रावर काढला. गठ्ठा मुलीपुढे आपटला.

"मग हे काय आहे? सांग! पहिली भाषा मराठी. जास्तीत जास्त वापरातली भाषा मराठी. दोन्ही नियमांनी मराठी यायला हवी. का येत नाही?"

पद्माने कागद हातात घेतला. समासातल्या बापाच्या दोन ओळी वाचल्या. तिचं हसू मावळलं.

"बाबा, वापरातली भाषा मराठी हे कुणी सांगितलं?"

"म्हणजे? घरात आपण मराठीच बोलायचो."

"तुम्ही बोलायचात. आई कुठे बोलायची तुमच्याशी?" पद्मा हे हळूच म्हणाली, भांडणाच्या सुरात नाही. "तिने तोंड उघडलं की तुमचं 'नव्हे' यायचं. मी लहान होते तेव्हा ती मला म्हणायची, बाबा यायच्या आत काय ते बोलून घेऊ, नंतर परीक्षा असते. ती तुम्हाला 'जेवायला वाढलंय' म्हणायची, 'फोन आला होता' म्हणायची. बाकी सगळं, दुखलंखुपलं, हसणं, तुमच्या कागाळ्यासुद्धा, हंसामावशीकडे. गुजरातीत. तिथे तिला कुणी अडवत नव्हतं."

दिनकररावांनी कागद परत घेतला आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसले. जन्मभर त्यांनी एकच गोष्ट कनिष्ठांना शिकवली होती: काटा खोटं सांगत असेल तर मॅन्युअलला शिव्या देऊ नका, काटा तपासा. नियम चुकला नव्हता. जास्त वापरातली भाषा आधी येते, हे त्या दुसऱ्या लेखात छापलं होतं तेच या घरात अगदी अक्षरशः घडलं होतं. चुकली होती ती समासातली ओळ, आणि ती त्यांच्याच हातची होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या ओट्यावर बसून त्यांना प्रथमच असं वाटलं की आपण या बाईला ओळखत नाही, आणि ती भीती झटक्याच्या दिवशीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

पद्मा एकटीच पुण्याला परत गेली. घराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता हंसाबेनला बोलवायला हवं होतं, आणि हिंदीतून नाही, एवढं त्यांनी ठरवलं. पण स्वभावाला औषध नाही. मोने मांडवीला गेले आणि 'घरबसल्या गुजराती शिका' अशा थाटाचं एक पुस्तक घेऊन आले. पाहुण्यांचं स्वागत हे प्रकरण त्यांनी तोंडपाठ केलं. मग इस्त्रीचा शर्ट घालून, हंसाबेनची ती वाटी घासूनपुसून हातात घेऊन, शेजारचं फाटक उघडलं.

"आवो आवो, मोनेभाई. सरोजबेन सारां छे ने?"

दिनकररावांनी घसा साफ केला. "आप कृपा करीने अमारे घेर पधारशो?"

हंसाबेन बघतच राहिली. मग तिचा बांध फुटला. हसत हसतच तिने वाटी घेतली. "अरे मोनेभाई, आवुं तो कंकोत्रीमां लखाय! आवुं कोई बोले?" असं तर लग्नपत्रिकेत लिहितात, असं कुणी बोलतं का? दिनकरराव कानापर्यंत लाल झाले. इतक्या वर्षांत त्यांना बोलताना कुणी असं हसलं नव्हतं. तोंड उघडल्यावर हसं होणं म्हणजे काय असतं, ते त्यांना त्या फाटकात उभं राहून कळलं, आणि फार झोंबलं. पाठमोरे होऊन घरी निघून जावंसं वाटलं. पाय वळलेही होते. पण त्यांनी ते तसेच मागे आणले, आणि पुस्तकात नसलेलं, स्वतःचं, मोडकंतोडकं वाक्य जुळवलं. "मारी भूल. तमे आवो. ए... बोलती नथी."

हंसाबेनचं हसणं थांबलं. तिने चपला पायात अडकवल्या, दारालाही कडी न लावता ती निघाली.

दोघी मैत्रिणी भेटल्या तेव्हा काय झालं ते सांगायला नको. आधी रडणं, मग बोलणं, मग त्या बोलण्यात रडण्याचा पत्ता नाही. दिनकररावांनी या वेळी वर्तमानपत्र धरलं नाही. खुर्ची ओढून तेही बसले. निम्मं कळत होतं, निम्मं डोक्यावरून जात होतं. दोघी त्यांच्याकडे बघून मध्येच हसत, आणि विषय आपलाच आहे हे त्यांना कळे. बसवत नव्हतं. पाय हलत होता, हाताला चाळा हवा होता. पण ते उठले नाहीत. रोज बसायला लागले. पुठ्ठे माळ्यावर गेले. सरोजिनीबाईंची वाक्यं लांब व्हायला लागली. शालिनीताई म्हणाल्या, छान चाललंय, एक भाषा मोकळी झाली की कधी कधी तिच्या मागोमाग दुसरीही येते, कधी नाही येत. "छापलंय कुठे?" दिनकररावांनी विचारलं, आणि शालिनीताईंच्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच म्हणाले, "राहू दे."

पण मनातून ते वाट बघत होतेच. खोटं कशाला बोला? गुजरातीत ती आता त्यांच्याशी बोलत होती, त्यांना रागवत होती, भाजीत मीठ जास्त झालं म्हणत होती. तरी त्यांचा कान एका 'अहो'वर लागलेला होता. ती भाषा गेली तर तिच्याबरोबर आपलं लग्नही कुठेतरी गेलं, असं त्यांना वाटे, आणि मग ते उठून पुन्हा फेऱ्या मारत.

एक दिवस चार वाजता हंसाबेन घरी गेल्यावर दिनकररावांनी चहा केला. दोन कप ट्रेमध्ये ठेवून ते खोलीत आले आणि उंबऱ्याला अंगठा अडखळला. कप कलंडला, चहा ट्रेमधून पायजम्यावर आणि पायजम्यावरून फरशीवर.

"अरेरे," ते आपल्या नव्या गुजरातीत म्हणाले, "चा सांडी गई!"

सरोजिनीबाई खाटेवर तक्क्याला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चहाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. तोंडाची चांगली बाजू हळूच वर गेली. मग त्यांनी डावा हात उचलला, तर्जनी सरळ केली, अगदी तशीच, आणि कपाळाला आठी घालून, एकेक अक्षर वर ओढून काढावं तसं म्हणाल्या,

"सांडी... नव्हे. ढोळाई."

दिनकररावांनी पोतेरं घेण्यासाठी वाकता वाकता ते ऐकलं आणि तसेच वाकलेले राहिले. नव्हे. गुजरातीत असा शब्द नाही. पुस्तकात नव्हता, हंसाबेनच्या तोंडीही नव्हता. हा मराठी शब्द होता. 'अहो' नव्हता, त्यांचं नाव नव्हतं, मुलीचं नव्हतं. घरातली भाषा परत आली ती त्यांच्याकडून तिने आयुष्यभरात सर्वांत जास्त वेळा जो ऐकला होता, तो शब्द घेऊन आली होती. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी ट्रे खाली ठेवला. लाज वाटली, आणि असा आनंदही झाला की कुणाला सांगितला असता तर खरा वाटला नसता.

ती त्यांच्याकडे बघत होती, बोट अजून वरच होतं. तिलाही कळलं होतं बहुतेक, काय आलं ते.

तेव्हा दिनकरराव मोन्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, चूक आहे हे पक्कं माहीत असताना तीच चूक पुन्हा केली.

"चा सांडी गई," ते म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.